पाचवी मॅच कोण खेळणार?

न्यू जर्सीपासून डेलावेअरपर्यंतच्या पट्ट्यात हिवाळ्यातल्या शनिवारी कुठल्याही बॅडमिंटन क्लबात गेलं, तर दोन-चार मराठी चेहरे हमखास दिसतात. महाराष्ट्र मंडळांच्या स्पर्धाही होतात, पण त्या बहुतेक जोड्यांच्या. नाव नोंदवायचं, खेळायचं, हरलं की डबा खाऊन घरी यायचं. या भागातल्या गावांच्या संघांसाठी एक सांघिक स्पर्धा सुरू करावी, हा विचार माझ्यासारख्या अनेकांच्या मनात आहे. त्याच्या दोन बाजू मी इथे आत्या आणि भाची यांच्या तोंडी घातल्या आहेत. आत्या पुण्यात खेळून ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आलेली, मंडळाच्या स्पर्धा वर्षानुवर्षं चालवलेली. भाची शिकागोच्या उपनगरात वाढलेली, हायस्कूलच्या संघातून खेळलेली, आता नोकरीसाठी न्यू जर्सीत राहणारी. दोघी कल्पित आहेत. त्यांच्यातला मतभेद मात्र खरा आहे आणि तो मिटवल्याशिवाय पहिली नोंदणी सुरू करू नये, असं मला मनापासून वाटतं.

भाची : आत्या, आराखडा तयार आहे. सोळा संघ, दोन दिवस. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेटिकट, डेलावेअर. प्रत्येक लढतीत पाच मॅच, मिश्र संघांच्या जागतिक सुदिरमन कपला असतात तशा : पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. तीन जिंकेल तो संघ विजयी. येत्या वसंतातच घेऊ.

आत्या : अगं, जरा दम खा. आधी मला सांग, ही स्पर्धा हवी कशाला? एकेरी-दुहेरीच्या स्पर्धा इथे काय कमी आहेत?

भाची : कमी नाहीत, पण त्या एकट्याच्या आहेत. इलिनॉयमध्ये मुलींच्या हायस्कूल बॅडमिंटनची राज्य स्पर्धा असते. शाळेत असताना मी स्वतः हरले तरी संघ जिंकायचा आणि परतीच्या बसमध्ये मीही सगळ्यांबरोबर ओरडत यायचे. हायस्कूल संपलं आणि ते सगळं संपलं. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या खेळांच्या यादीत बॅडमिंटन नाही, त्यामुळे कॉलेजात शिष्यवृत्तीवर खेळायचा रस्ताच नाही. आठ-दहा वर्षं अकादमीत घाम गाळलेली मुलं अठराव्या वर्षी रॅकेट कपाटात ठेवतात. त्यांना कुठल्या तरी गावासाठी, कुठल्या तरी संघासाठी खेळायला बोलावणारं कुणी हवं.

आत्या : हे पटलं. आमच्याकडे भारतात ती सोय होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी राज्यांचे संघ एकमेकांशी भिडायचे, पुरुषांचा रहीमतुल्ला कप, महिलांचा चढ्ढा कप. आपण एकटे खेळताना जे शटलचं फूल सोडून दिलं असतं, ते राज्यासाठी खेळताना धावत जाऊन उचलायचो. पण तुझा आराखडा मला पटत नाही. तो फार मोठा आहे आणि चुकीच्या टोकाकडून सुरू होतो.

भाची : मोठा का? मोठा असल्याशिवाय लोक येत नाहीत.

आत्या : हिशेब करू. सोळा संघांचे चार गट. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं की गटाला सहा लढती, म्हणजे एकूण चोवीस. वर उपांत्यपूर्व चार, उपांत्य दोन आणि अंतिम एक. झाल्या एकतीस. प्रत्येक लढतीत पाच मॅच म्हणजे 155 मॅच. तीन गेमची मॅच, मधला वॉर्म-अप, कोर्टवर यायला लागणारा वेळ, सगळं धरून चाळीस मिनिटं. आठ कोर्टं मिळाली तरी तेरा तास. त्यातून वेळापत्रक घसरलं की रविवारी रात्री अंतिम सामना रिकाम्या हॉलमध्ये होणार. आणि मॅचमागे सरासरी तीन फुलं धरलीस, तर जवळजवळ चाळीस डझन. चांगल्या पिसांच्या फुलांचा डझन आज पस्तीस-चाळीस डॉलरच्या घरात आहे. फुलांचेच दीड हजार डॉलर झाले, अजून हॉलचं भाडं नाही.

भाची : हॉलसाठी मी शाळेची जिम बघत होते. क्लबपेक्षा स्वस्त पडते.

आत्या : शाळेच्या जिममध्ये किती कोर्टं बसतात, मोजलंस? हायस्कूलचं बास्केटबॉल कोर्ट 84 फूट लांब, 50 फूट रुंद. बॅडमिंटनचं 44 बाय 20. आडवी मांडली तर तीन नीट बसतात. चौथं बसवलंस की दोन कोर्टांमध्ये फूटभर जागा उरते आणि बाजूच्या जोडीची रॅकेट आपल्या कानाजवळून जाते. शिवाय भिंती बहुतेक पांढऱ्या, दिवे थेट डोक्यावर, हीटरचा झोत फूल वाहून नेणारा. शाळा विम्याचं प्रमाणपत्र मागते, शनिवार-रविवारी शिपायाचे जादा पैसे लावते. स्वस्त वाटते तेवढी ती स्वस्त नसते.

भाची : मग आठ संघ?

आत्या : पहिल्या वर्षी आठच. दोन गट, गटाच्या बारा लढती, दोन उपांत्य, एक अंतिम. पंच्याहत्तर मॅच. चार कोर्टांवर दोन दिवसांत बसतात. एका लढतीला दोन कोर्टं. पाचही मॅच एकाच वेळी पाच कोर्टांवर लावायच्या नाहीत.

भाची : का नाही? वेळ वाचतो.

आत्या : वेळ वाचतो आणि संघ हरवतो. आपल्या पाचही मॅच एकाच वेळी चालू असतील, तर कोण कोणासाठी टाळ्या वाजवणार? संघ बाकावर बसून घडतो. पहिली जोडी हरून आलेली, घामाने भिजलेली, तीच तिसऱ्या मॅचच्या वेळी उभी राहून पुढच्या जोडीला सांगते, "त्यांच्या डावखुऱ्याला बॅकहँडला दे." ते बसणं आणि ते सांगणं वेळापत्रकातून काढून टाकलंस, तर उरतात पाच वेगवेगळ्या मॅच आणि एक बेरीज.

भाची : बरं, हे मान्य. पण साच्यावर मी अडून आहे. सुदिरमन कप 1989 पासून याच साच्यावर चालतोय. जगाने पारखलेली गोष्ट आपण का मोडायची?

आत्या : साचा मोडू नकोस, त्यात एक नियम घाल. एका लढतीत एका खेळाडूने एकच मॅच खेळायची. नाहीतर काय होतं बघ. दोन तगडे पुरुष आणि दोन तगड्या बायका एवढ्यावर पाचही मॅच निघतात. एकेरी खेळलेलाच मिश्रला उभा राहतो. बाकीचे पाच-सहा जण टी-शर्ट घालून पाणी पाजतात. माझा नियम लावलास तर एक, एक, दोन, दोन आणि दोन, म्हणजे आठ माणसं लागतात. चार पुरुष, चार स्त्रिया. मग संघ खोलवर बांधावा लागतो.

भाची : आणि दर्जा? सर्वोत्तम खेळाडूला एकच मॅच दिलीस तर प्रेक्षकांनी बघायचं काय?

आत्या : 2022 चा पुरुषांचा थॉमस कप आठव. भारताने बँकॉकमध्ये अंतिम सामन्यात इंडोनेशियाला 3-0 हरवलं, तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण त्याआधी मलेशियाशी उपांत्यपूर्व आणि डेन्मार्कशी उपांत्य, दोन्ही लढती 2-2 वर आल्या होत्या. दोन्ही वेळा पहिल्या एकेरीत लक्ष्य सेन हरला होता. सात्विक आणि आपला मुंबईचा चिराग जिंकले, श्रीकांत जिंकला, दुसरी दुहेरी गेली. आणि दोन्ही वेळा तिसऱ्या एकेरीत, पाचव्या मॅचला, प्रणॉय उभा राहिला. डेन्मार्कविरुद्ध तर पाय मुरगळलेला असताना. देशाचा इतिहास तिसऱ्या क्रमांकाच्या एकेरीवर ठरला. ज्या संघाला पाचवी मॅच खेळायला माणूस असतो, तोच संघ.

भाची : प्रणॉय जगातल्या पहिल्या पंचवीसांत होता, आत्या! आपल्या गावातला पाचवा खेळाडू म्हणजे रविवारी सकाळी पोह्यांनंतर खेळणारा काका.

आत्या : मग समोरच्या गावाचाही पाचवा तसाच काका असेल. त्या दोघांची मॅच 2-2 वर लागली की बघ हॉल कसा उभा राहतो ते. आणि लढत 3-0 झाली तरी उरलेल्या मॅच खेळायच्याच, गटात बरोबरी झाली तर त्यांचे गेम आणि गुण मोजायचे. म्हणजे कुणाचीच मॅच फुकट जाणार नाही.

भाची : हे मात्र चांगलं आहे. पण चार स्त्रियांचं काय? आमच्याकडे नियमित खेळणाऱ्या दोन आहेत. तुझ्या नियमाने आम्ही प्रत्येक लढतीत एक मॅच वॉकओव्हर देणार.

आत्या : शेजारच्या गावाशी संघ जोडा. दोन गावं मिळून एक संघ, काही बिघडत नाही. आणि बायका कमी आहेत म्हणून नियम कमी करायचा नाही. नियम आहे म्हणून बायकांना बोलावणं जातं. देवधरांच्या सुमन, सुंदर आणि तारा या बहिणी पुण्यातून राष्ट्रीय पातळीवर खेळल्या. घरातून कोर्टवर जायला मुलींना परवानगी लागत असे त्या काळात. आज इथे ज्या बायका मुलांना क्लासला सोडून गाडीत बसून राहतात, त्यांच्यातल्या कितीतरी कधीकाळी शाळेत खेळलेल्या असतात. त्यांना सप्टेंबरात फोन करा, मार्चमध्ये त्या कोर्टवर असतील.

भाची : आता माझा प्रश्न. ही स्पर्धा मंडळांची की सगळ्यांची? मला ती सगळ्यांसाठी खुली हवी.

आत्या : इथे मी अडणार. मंडळाचे स्वयंसेवक, मंडळाचे पैसे, मंडळाचं नाव. गणपतीला जी माणसं खुर्च्या लावतात, तीच इथे कोर्ट आखणार. मग आपल्याच पोरांना बाकावर बसवून बाहेरच्या चार जणांनी कप न्यायचा?

भाची : आत्या, अमेरिकेचं बॅडमिंटन बाहेरून आलेल्यांनीच उभं केलं आहे. 2005 मध्ये अॅनाहाइमला जागतिक स्पर्धा झाली. पुरुष दुहेरीचं सुवर्ण अमेरिकेला मिळालं, टोनी गुणावन आणि हॉवर्ड बाक यांच्यामुळे. एकाचा जन्म इंडोनेशियातल्या सुराबायाचा, दुसऱ्याचा व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीचा. 2025 च्या जूनमध्ये आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्सला यूएस ओपन झाली. महिला एकेरी जिंकली बेइवेन झांगने, ती चीनमध्ये जन्मली, सिंगापूरकडून खेळली आणि मग अमेरिकेची झाली. तिने अंतिम सामन्यात हरवलं आपल्या तन्वी शर्माला. पुरुष एकेरी जिंकली आयुष शेट्टीने. इथल्या कोर्टवर तेलुगू, चिनी, मलेशियन, व्हिएतनामी असे सगळे शेजारी शेजारी खेळतात. त्यांना वगळून केलेली स्पर्धा या प्रदेशाची कशी म्हणायची?

आत्या : मंडळाची म्हणायची.

भाची : मग ती मंडळाएवढीच राहील. आठातले पाच संघ कसेबसे भरतील. तू म्हणतेस तशी चार बायकांची संख्या एकट्या मराठी घरांतून निघणार नाही, हे तुलाही माहीत आहे. तुझाच नियम खुल्या स्पर्धेची मागणी करतो.

आत्या : हं. हे बरोबर बोललीस. मग असं करू. यजमान मंडळ, संघ गावाचा. गावात किंवा त्या काउंटीत राहणारा कुणीही खेळेल. ट्रेंटनच्या संघात चिनी जोडी असेल तर ती ट्रेंटनची. मात्र राहण्याचा पुरावा हवा. आदल्या शुक्रवारी विमानाने आणलेले भाडोत्री खेळाडू चालणार नाहीत.

भाची : मान्य. आणि खालच्या गटात नाव घालणाऱ्यांचं काय? इथे ए, बी, सी, डी अशा पातळ्या असतात. सीमध्ये कप मिळतो म्हणून बीचा खेळाडू सीमध्ये उतरतो. सांघिक स्पर्धेत तर हा मोह दुप्पट.

आत्या : टेनिसवाल्यांकडून शिका. यूएसटीएच्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या दर्जाचा, एनटीआरपीचा, आकडा असतो. 3.5 च्या संघात 4.0 चा माणूस बसत नाही. आधी गावात खेळायचं, मग विभागात, मग राष्ट्रीय पातळीवर. सामान्य माणूस वयाच्या पन्नाशीतही संघातून राष्ट्रीय स्पर्धेला जातो. आपल्याला तेवढी यंत्रणा जमणार नाही, पण प्रत्येक संघाने आपली यादी तीन आठवडे आधी सगळ्यांपुढे ठेवायची. इथले खेळाडू एकमेकांना ओळखतात. आक्षेप स्पर्धेच्या आधी घ्यायचा, हरल्यावर नाही.

भाची : बक्षिसाची रक्कम? प्रायोजक मिळतील. दोन हजार डॉलर ठेवले तर चांगले संघ येतील.

आत्या : रोख बक्षीस नको. पैसे आले की आपण आत्ता बंद केलेलं भाडोत्री खेळाडूंचं दार पुन्हा उघडतं. प्रायोजकाचे पैसे फुलांना, हॉलला आणि अठराखालच्या मुलांच्या प्रवेश फीला लावा.

भाची : मुलांना घ्यायचं तर त्यांच्या सुरक्षिततेचे सेफस्पोर्टचे नियमही आले. 2018 च्या कायद्यानंतर राष्ट्रीय क्रीडा संघटनांशी जोडलेल्या प्रौढांना ते लागू आहेत. दुसऱ्याच्या मुलाला एकट्याला गाडीतून न्यायचं नाही, वगैरे. यूएसए बॅडमिंटनची मान्यता घेतो की नाही, हेही ठरवायला हवं. घेतली तर खेळाडूंना त्यांचं सदस्यत्व लागेल.

आत्या : मान्यता नंतर घेऊ, पण मुलांचे नियम पहिल्या दिवसापासून पाळू. आणि पंच? तुझ्या आराखड्यात पंच कुठेच नाहीत.

भाची : खेळाडूच आपापल्या रेषा बघतील.

आत्या : साध्या खेळात चालतं. 2-2 वर नाही चालत. आता सर्व्हिस करताना फूल मारलं जातं त्या क्षणी ते जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावं लागतं. हे खेळाडूने स्वतः कसं बघायचं? ज्या संघाची लढत नसेल त्याने दोन पंच आणि चार रेषापंच द्यायचे, नाही दिले तर गुण कापायचे. जानेवारीत एक दिवस सगळ्या संघांच्या माणसांना बसवून शिकवू. फुलाची चाचणीही शिकवू. मागच्या रेषेवर उभं राहायचं, खालून पूर्ण ताकदीने फटका मारायचा, फूल बाजूच्या रेषेला समांतर आणि वरच्या दिशेने जायला हवं. ते समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 53 ते 99 सेंटीमीटरच्या पट्ट्यात पडलं तर वेग बरोबर. थंड हॉलमध्ये 77 नंबरचं फूल आखूड पडेल, तेव्हा 78 चा डबाही जवळ हवा. हे आधी केलं नाही, तर मॅचच्या मध्यावर फुलावरून भांडणं होतात आणि ती भांडणं वर्षभर पुरतात.

भाची : तू सगळं इतकं बांधून टाकतेस की स्वप्नाला जागाच उरत नाही. 2028 मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे, बॅडमिंटन गेलन सेंटरमध्ये होणार. अमेरिकेला या खेळात अजून एकही ऑलिंपिक पदक नाही. लोकांचं लक्ष जाईल ते याच दोन-तीन वर्षांत. आपण आत्ता मोठं पाऊल टाकलं नाही तर कधी टाकणार?

आत्या : ऑलिंपिकचं लक्ष येतं आणि जातं. आपल्याच पट्ट्याचा इतिहास बघ. महिलांचा उबेर कप 1957 मध्ये सुरू झाला. पहिले तिन्ही, 1957, 1960 आणि 1963, अमेरिकेने जिंकले. त्यातले दोन अंतिम सामने इथेच झाले. 1960 मध्ये फिलाडेल्फियात डेन्मार्कला 5-2 हरवलं, 1963 मध्ये विल्मिंग्टनला इंग्लंडला 4-3. सात मॅचची लढत, आणि निकाल एका मॅचने. त्या संघातली ज्यूडी डेव्हलिन बाल्टिमोरला वाढली, तिने ऑल इंग्लंडची एकेरी दहा वेळा जिंकली. जगातला सर्वोत्तम महिला संघ या देशाचा होता! मग पुढचा कप जपानने नेला आणि अमेरिकेला तो पुन्हा कधीच मिळाला नाही.

भाची : असं का झालं?

आत्या : माझं मत सांगते. वर मोजक्या असामान्य बायका होत्या. खाली त्यांच्यामागे येणारी दुसरी, तिसरी, चौथी फळी उभी राहिली नाही. जपान, इंडोनेशिया, चीन यांनी शाळा, कारखाने, क्लब यांचे संघ बांधले. इथे खेळ मागच्या अंगणात गेला. म्हणून मी पाचव्या मॅचचा हट्ट धरते. तुला उंच शिखर हवं आहे आणि ते मलाही हवंय. पण प्रत्येक गावाला आठ माणसं लागली, तर प्रत्येक गावात सोळा जण सरावाला येतील. त्यातूनच कधीतरी एक येईल जी तुझ्या गेलन सेंटरमध्ये खेळेल.

भाची : मग एक गोष्ट माझीही ऐक. गटांत तिसरे आणि चौथे राहिलेले चार संघ रविवारी सकाळी काय करणार? तुझ्या वेळापत्रकात ते घरी जातात.

आत्या : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

भाची : 2025 मध्ये गुवाहाटीला ज्युनियर जागतिक सांघिक स्पर्धा झाली. तिथे रिले पद्धत होती. सेट 45 गुणांचा. पहिली जोडी 9 पर्यंत खेळते, पुढची तिथून 18 पर्यंत, मग 27, 36, 45. पहिली जोडी 5-9 ने मागे राहिली तर पुढच्याने ते चार गुण भरून काढायचे. सगळं एकाच कोर्टवर, सगळा संघ काठावर उभा. खालच्या चार संघांचे सामने असे घेऊ. वेळ थोडा लागतो आणि तुझा पाचवा काका शेवटी कोर्टवर असतो.

आत्या : हे घे. नक्की घे. पुढच्या वर्षी अख्खी स्पर्धाच तशी करावी का, हेही तेव्हा कळेल.

भाची : म्हणजे ठरलं. आठ संघ, गावांचे. एकाला एकच मॅच, किमान आठ माणसं. पाचही मॅच खेळायच्या. यादी तीन आठवडे आधी. रोख बक्षीस नाही. पंच संघांनीच द्यायचे, त्यांचं शिक्षण जानेवारीत. आणि स्पर्धा मार्चमध्ये. अंतिम सामना वगळता बाकी सगळं मी बघते, त्या सामन्याची पंच तू.

आत्या : पंच मी होते, पण एका अटीवर. पहिल्या वर्षीचा कप देण्याआधी दुसऱ्या वर्षीची तारीख, हॉल आणि संयोजकांची नावं जाहीर झाली पाहिजेत, आणि त्या नावांत या वर्षीची निम्मी माणसं नसावीत. इथल्या स्पर्धा पैशाअभावी क्वचित बंद पडतात. त्याच पाच माणसांनी जिम शोधायची, ड्रॉ काढायचा, फुलं आणायची आणि रात्री नेट गुंडाळायची, म्हणून त्या बंद पडतात. खेळाडूंसाठी आपण जो नियम केला तोच संयोजकांना लावायचा. तुमच्याकडे पाचव्या मॅचला माणूस हवा, तसा दुसऱ्या वर्षीही हवा. तो आजच शोधायला लाग.